कुंदनच्या आवाजाचं मशीन

२१ सप्टेंबर, रविवार

ही डायरी ऑफिसच्या मालकाने गेल्या दिवाळीत मिठाईच्या डब्यासोबत दिली होती. तेव्हापासून कपाटात पडून होती. आज लिहायला घेतली, कारण मनात आहे ते तोंडाने बोललो तर कोळीवाड्यात निदान चार घरांशी कायमचं वाकडं येईल.

माझा धाकटा भाऊ कुंदन, त्याचा आवाज जाणार आहे. घशात गाठ निघाली. खारघरच्या डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल, चौदा ऑक्टोबरला ऑपरेशन. श्वास मानेला पाडलेल्या भोकातून घ्यायचा. जीव वाचेल. "बोलायचंही नंतर बघता येतं, झडप बसवतात, शिकवतात," असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. दुकानात निळा रंग संपलाय, हिरवा घ्या, अशा सुरात!

आणि आवाज कोणाचा? पनवेलपासून उरणपर्यंत टेनिस क्रिकेटची स्पर्धा असली की माइक कुंदनच्या हातात. बायका मासळी निवडता निवडता नुसती त्याची कॉमेंट्री ऐकायला मैदानाच्या कडेला येऊन बसतात. "आनि चेंडू चाल्लाय खाडीपल्याड! बोंबील वाळत घातलेत तिथं जाऊन पडलाय, मंडली!" असं तो म्हणाला की फलंदाजापेक्षा त्यालाच जास्त टाळ्या. त्याने कधी तंबाखूला बोट लावलं नाही. ज्यांनी लावलं ते धडधाकट फिरतात आणि वर आम्हालाच सांगतात, "ओवा चावून खा, गाठ विरघळंल."

मी ठरवलंय. आवाज जाऊ द्यायचा नाही. माणसाची जुनी रेकॉर्डिंग घालून त्याच्या आवाजात बोलणारं मशीन तयार करता येतं. आपण अक्षरं टाइप करायची, ते त्याच्या आवाजात बोलणार. हे मी करणार. कळंबोलीच्या लोखंड बाजारात वीस वर्षं कंप्युटर चालवतोय, उगाच नाही.

२४ सप्टेंबर

बाहेरच्या कंपन्या हे काम करून देतात म्हणे. त्यांच्या साइटवर रेकॉर्डिंग चढवायची, मग दर महिन्याला भाडं भरायचं. भावाचा आवाज परक्यांच्या गोदामात ठेवायचा आणि त्याला पाणी मागायचं असेल तर भाडं भरायचं? हप्ता चुकला तर तो मुका? मी त्यांना इंग्रजीत सणसणीत पत्र लिहिलं. "आम्हाला लिहिल्याबद्दल आभार," असं मशीनचंच उत्तर आलं.

फुकट मिळणारा एक प्रोग्राम सापडला आहे. घरच्या मशीनवर चालतो, पण धड चालायला लिनक्स लागतं. ऑफिसात असते ती विंडोज नव्हे, दुसरी प्रणाली. तीही फुकट. त्यासाठी दणकट मशीन मी स्वतः जोडणार. सुटे भाग नोमानच्या दुकानातून आणले. नोमान लहानपणापासूनचा ओळखीचा, तरी बोलला काय? "अविनाशभाय, सामान आमचं, वॉरंटी आमची. पन ते लिनक्स टाकलंत तर खुदा के वास्ते मला फोन करू नका." मेमरीच्या दोन पट्ट्या हव्या होत्या, त्याच्याकडे एकच. दुसरी पुढच्या आठवड्यात म्हणे. हे दुकानदार!

२८ सप्टेंबर, रविवार

मशीन खाली कुंदनच्या पुढच्या खोलीत मांडलं. वर मी आणि आई राहतो, खाली कुंदन आणि त्याची बायको रोशनी. मी बिनलग्नाचा, त्यामुळे खाली काही मांडायचं तर रोशनीला विचारावं लागतं. तिने टीव्ही हलवून जागा करून दिली.

दिवसभर जोडणी केली. पंखे फिरले, दिवे लागले. पेनड्राइव्ह लावून लिनक्स सुरू केलं. कंपनीचं चिन्ह दिसलं आणि नंतर स्क्रीन काळी ठिक्कर. पुन्हा केलं, पुन्हा काळी. मशीन चालू आहे, पंखे घोंघावताहेत, आणि समोर अमावस्या.

कुंदन शेजारी खाटेवर बसून होता. हल्ली संध्याकाळी तो बाहेर जात नाही. आवाज पार घोगरा झालाय, हळूहळू बोलतो. बाबांबरोबर पहिल्यांदा होडीवर गेला त्या दिवसाचं काहीतरी सांगत होता. मी म्हटलं, "अरे दोन मिनिटं गप बस ना, इथे काय लिहून आलंय ते वाचू दे." तो म्हणाला, "दादूस, काय लिवलंय? सगला कालाच हाय ना." हसत होता. मला नाही हसू आलं.

३० सप्टेंबर

लिनक्सवाल्यांचा इंटरनेटवर एक कट्टा आहे. तिथे अडचण लिहिली. भावाचं, ऑपरेशनचं, सगळं सविस्तर. पहिलं उत्तर: "प्रश्न नीट विचारायला शिका." दुसरं: "हे आधीच सांगून झालंय, शोधा." तिसऱ्याने विचारलं की मी ही लिनक्स का घेतली, त्याच्या पसंतीची का नाही. मग तिसरा आणि चौथा आपापसात भांडायला लागले, आणि माझी काळी स्क्रीन राहिली बाजूला. फुकट वस्तू देणाऱ्याचा तोरा विकणाऱ्यापेक्षा जास्त असतो, हे या वयात शिकलो.

२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी आई खाली आली, हातात ताट. बाबांचं जुनं जाळं, कुंदनचा माइक, माझी स्कूटर, सगळ्याची पूजा झाली. मग ती मशीनकडे वळली. मी म्हटलं, "आई, हे राहू दे, उघडं आहे." पंखा बघायला मी एका बाजूचा पत्रा काढून ठेवला होता.

"का र? माज्या पोराचा आवाज याच्यात येनार ना? मग याची पूजा नको?"

मी बाजूला झालो. तिने हळद-कुंकू लावलं, झेंडूची फुलं ठेवली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली. आई देवाच्या बाबतीत कधी हात आखडता घेत नाही. कुंदनने घोगऱ्या आवाजात आरती म्हटली. दुसऱ्या कडव्याला खोकला आला, पुढची रोशनीने म्हटली.

४ ऑक्टोबर, शनिवार

काळ्या स्क्रीनचा उलगडा झाला. ग्राफिक कार्डाचं आणि लिनक्सचं जमत नाही, म्हणून सुरू होतानाच एक शब्द टाइप करायचा की सध्या कार्डाच्या वाटेला जाऊ नकोस. एक शब्द! आठवडा फुकट गेला. हा शब्द कट्ट्यावरच्या त्या शहाण्यांपैकी एकालाही सांगता आला नाही.

नोमानकडून दुसरी पट्टी आली. ती बसवली, पत्रा लावला आणि लिनक्स टाकायला घेतलं. अर्ध्यावर आलं आणि गोठलं. पुन्हा. या वेळी पाऊण झालं आणि मशीन आपोआप बंद होऊन चालू झालं. तिसऱ्यांदा सुरुवातीलाच अडकलं. दर वेळी निराळी तक्रार. एकदा म्हणतं फाइल खराब, एकदा म्हणतं डिस्क खराब. एका बोलीवर राहील तर शपथ!

७ ऑक्टोबर

पेनड्राइव्ह बदलला. डिस्क बदलली. लिनक्सची जात बदलली. वायर बदलली. माझी दोन दिवसांची रजा संपली. मशीन तसंच.

कुंदन रोज येऊन बसतो. बोलतो, थांबतो, पाणी पितो, बोलतो. आज होडीच्या इंजिनाचं, मग कोणाच्या तरी हळदीचं काहीतरी चाललं होतं. त्या नादात मी चुकीच्या डिस्कवर क्लिक केलं. ओरडलो, "कुंदन, तुझ्यासाठीच करतोय ना रे हे! तोंड जरा बंद ठेव!" तो उठून आत गेला. नंतर रोशनी चहा घेऊन आली.

"दादा, हे आता बोलतात तां पन भरून ठेवा ना. मोबाइलवर झाला तरी चालंल."

मी तिला समजावलं. हा आजाऱ्याचा आवाज. घोगरा, अर्धा कळतो, अर्धा नाही. असला आवाज मशीनला शिकवला तर मशीनही आजारी बोलणार. आपल्याकडे त्याच्या भर उमेदीतल्या कॉमेंट्रीची ढीगभर रेकॉर्डिंग पडली आहेत. स्पर्धेवाले सगळं यूट्यूबवर टाकतात. सोनं असताना पितळ कशाला भरायचं? तिने मान हलवली. बायकांना तांत्रिक गोष्टी सांगताना धीर लागतो.

११ ऑक्टोबर, शनिवार

आज माझा संयम सुटला. कट्ट्यावर कोणीतरी लिहिलं होतं, "मेमरी तपासा." मी उलट लिहिलं होतं की मेमरी कोरी करकरीत आहे, पाकीट फोडून घातली आहे, शहाणपणा शिकवू नका. पण दुसरं काही करायचं उरलंच नव्हतं. तपासणी लावली. स्क्रीन लाल चुकांनी भरून गेली.

दुसरी पट्टी उपसली. तिची खाच टॉर्च मारून बघितली. तळाशी एक तांदूळ. कुंकवाने लाल झालेला, ओला होऊन वाळलेला, घट्ट बसलेला. दसऱ्याची अक्षता! आईने मूठभर टाकली असणार आणि एक दाणा त्या रिकाम्या खाचेत जाऊन बसला. त्याच्या डोक्यावर मी पट्टी दाबली. ती वरून बसल्यासारखी दिसत होती.

दाणा उकरून वर नेला आणि आईवर इतका ओरडलो की शेजारच्या खिडक्या उघडल्या. म्हटलं, "हा बघ तुझा प्रसाद! याच्यापायी आठवडा गेला, पोराचा आवाज गेला असता!" आईने तो दाणा तळहातावर घेतला. मग म्हणाली, "मी देवाला बोल्ले, माजा घे, त्याचा नको घेऊ. तवा टाकल्या अक्षता." मी खाली आलो. टाचणीने खाच साफ केली. पट्टी टक्कन बसली.

१२ ऑक्टोबर, रविवार

लिनक्स बसलं! पहिल्याच खेपेला. ग्राफिक कार्डही ओळखलं. आवाजाचा प्रोग्राम सुरू झाला. दिवसभर रेकॉर्डिंग उतरवत होतो. काय आवाज होता! "फलंदाज घाबरलाय, मंडली, आईला फोन लावू काय?" ऐकून एकट्याने हसलो.

संध्याकाळी कुंदन आला, खाटेवर बसला, म्हणाला, "दादूस, थोडा वेल बसू काय?" मी त्याला झोपायला पाठवलं. उद्या सकाळी भरती व्हायचंय, घशाला विश्रांती हवी. तो दारात उभा राहिला थोडा. मी हेडफोन लावले होते.

१४ ऑक्टोबर

ऑपरेशन झालं. सात तास. डॉक्टर म्हणाले, सगळं निघालं, चांगलं झालं. काचेतून बघितला. मानेला नळी. डोळे उघडून आम्हाला बघत होता. आई त्याच्याशी बोलत होती, मीही बोललो, आणि मग आम्ही दोघंही गप्प झालो, कारण उत्तर येत नव्हतं. मला त्या काचेवर डोकं आपटावंसं वाटलं.

१९ ऑक्टोबर

दिवाळी आहे असं लोक म्हणतात. मी रेकॉर्डिंग साफ करतोय. मागे डीजे, फटाके, "बॉल आना रे," कोणाचं तरी कुत्रं. एकेक वाक्य वेगळं काढायचं, खाली ते लिहायचं. स्पर्धेच्या कमिटीचा माणूस दवाखान्यात शाल घेऊन आला होता. शाल! डिसेंबरच्या स्पर्धेला नवा पोरगा माइकवर घेतलाय हे सांगायला शाल. मी त्याला जिन्यापर्यंत पोचवला आणि सांगितलं, माइक कुंदनचाच राहणार, थांबा जरा.

२ नोव्हेंबर, रविवार

कुंदन घरी आला आहे. मशीनचं शिकणं काल संपलं. आज सगळ्यांना पुढच्या खोलीत बसवलं. आई, रोशनी, खाटेवर कुंदन. कीबोर्ड त्याच्या मांडीवर दिला. त्याने बराच विचार केला आणि एका बोटाने टाइप केलं. मी बटण दाबलं.

"रोशनी!! जरा पानी दे!!!"

खिडकीच्या काचा हादरल्या. तोच आवाज, हुबेहूब, कुंदनचा. शेवटच्या चेंडूवर सहा हवे असताना काढायचा तो. गल्लीतली पोरं दारात जमली. आई रडायला लागली, कुंदन हसत होता, हसताना मानेतून नुसती हवा येत होती. मी उड्या मारल्या. खरंच मारल्या.

त्याने दुसरं टाइप केलं. "आई, तू जेवलीस काय!!!" तेही मैदानभर. तिसरं त्याने टाइप केलं, माझ्याकडे न बघता, आणि बटण स्वतःच दाबलं. "रोशनी, तुला लय तरास झाला माज्यापायी!!!" दारातली पोरं फिदीफिदी हसली. एकाने शिट्टी मारली.

रोशनी उठून आत गेली. मी मागे गेलो. म्हटलं, काय झालं, आवाज त्याचाच आहे ना? ती परातीत पीठ घेत होती.

"यो मैदानाचा आवाज हाय, दादा. घरात हे असे कंदी बोललेच नाय. घरात हलू बोलायचे."

५ नोव्हेंबर

मशीनला हळू बोलवायचं बघतोय. आवाज कमी केला तर लांबून ओरडल्यासारखं वाटतं. वेग कमी केला तर दारू प्यायल्यासारखं. प्रोग्राम म्हणतो, जे शिकवलं तेच बोलेन. मग घरातलं बोलणं शोधलं. यूट्यूब, माझा मोबाइल, आईचा, रोशनीचा. लग्नाच्या व्हिडिओत बँड. व्हॉट्सअ‍ॅपवर चार निरोप सापडले, चारही ग्रुपवरचे, चारही बोंबलून: "उद्या सकाली मैदानावर हजर!" इतक्या वर्षांत या माणसाचं हळू बोलणं कोणीच कसं भरून ठेवलं नाही? एवढं मोठं घर, एवढे मोबाइल, आणि एकालाही सुचू नये! हे वाक्य लिहून पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

कमिटीवाले मशीन मैदानावर घेऊन गेले. सराव सामना होता. कुंदन मंडपात बसून टाइप करत होता, भोंग्यातून त्याचा आवाज. लोक उभे राहिले. नव्या पोराने स्वतःच माइक खाली ठेवला. नोमान आला होता, म्हणाला, "माशाल्ला, अविनाशभाय, मशीन बोलतं की हो!" मी म्हटलं, वॉरंटी आहे ना. छाती भरून आली, खोटं कशाला बोलू.

घरी आल्यावर मशीन बसवलं तर रोशनीने त्यावर चादर टाकली. कुंदनने ती काढली नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आठवडा झाला, चादर तशीच. मी रोज खाली जाऊन बघतो आणि रोज माझं डोकं फिरतं. अरे, मैदानावर चालतं आणि घरात चालत नाही? पाणी हवं तर खूण करतो, जेवण हवं तर खूण करतो. मी रजा घालवल्या, मालकाच्या शिव्या खाल्ल्या, आईवर ओरडलो, कशासाठी?

आज संध्याकाळी हेच सुनावायचं ठरवून खाली गेलो. दोघं मागच्या ओट्यावर बसली होती. तो नुसते ओठ हलवत होता आणि रोशनी त्याच्या तोंडाकडे बघून उत्तर देत होती. "नाय, ते पापलेट नव्हतां, हलवा होता." कुठल्या तरी मासळीचं चाललं होतं. तो पुन्हा काहीतरी म्हणाला, आणि ती पदर तोंडाला लावून हसली. मी विचारलं, "काय म्हणाला?"

"तुमच्यासाठी नव्हतां ते, दादा."

राग आला. इतका राग आला की पायऱ्या चढून वर आलो आणि दार आपटलं. मग खाटेवर बसून आठवायला लागलो, ऑपरेशनच्या आधी तो पंधरा दिवस रोज माझ्याशेजारी बसून काय बोलत होता. त्या दिवसांत स्क्रीनवर आलेली एकेक चूक मी आजही पाठ म्हणून दाखवीन. त्याचं एक वाक्यसुद्धा पुरतं आठवेना. मला रडू आलं. मोठ्याने आलं, आईला ऐकू गेलं असेल.

पुन्हा खाली गेलो. ओट्यावर त्याच्यासमोर बसलो आणि म्हटलं, "बाबांबरोबर पहिल्यांदा होडीवर गेलास, ते काय सांगत होतास? मी ऐकलं नव्हतं."

कुंदन माझ्याकडे वळून बसला. मग ओठ हलवायला लागला. मला काही कळेना. म्हटलं, परत सांग. त्याने सांगितलं. नाही कळलं. परत सांग. अंधार पडत होता, ओठ नीट दिसत नव्हते, मी उठून ओट्यावरचा दिवा लावला आणि त्याच्या आणखी जवळ सरकलो. त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. रोशनी त्याच्या वतीने सांगायला लागली, तेव्हा मी तिला हात जोडून म्हटलं, तू नको सांगूस, त्यालाच सांगू दे.